ताईची थंडी

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपैकी एक कुंड इतकं कढत होतं की त्यात कुणी धड उतरत नसे. बायका काठावर बसून तांब्याने पाणी घ्यायच्या, आधी पावलांवर, मग पोटऱ्यांवर, आणि तेवढ्यातच "बाई बाई" करत मागे सरकायच्या. माझी ताई मात्र त्याच कुंडात गळ्यापर्यंत बसलेली असायची. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं सुख की उठायचं नावच नको. एकदा वाडा तालुक्यातून आलेली एक म्हातारी माझ्या आईला म्हणाली, "पोरीची कातडी हाय का चामडं गो?" आई हसली. मीसुद्धा हसले, चांगली खदाखदा. त्या हसण्याची लाज मला आजतागायत वाटते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही भिवंडीत राहायचो. गल्लीच्या तोंडाशीच पॉवरलूमचा कारखाना होता आणि बाबा तिथे फिटर होते. लूम अडला की पाना घेऊन बाबांनी धावायचं. पंचवीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले होते, पूर्ण नाही, निम्मे. त्यामुळे आमच्या घरात 'मीठ दे' हेसुद्धा भांडण झाल्यासारखं बोललं जायचं. पाहुणे दचकायचे. गल्लीतल्या यूपी-बिहारच्या कारागिरांचीही तीच तऱ्हा. "अरे, पानी आया क्या?" असं एकाने विचारलं की चार घरांतून उत्तर यायचं. त्यात माझा आवाज सगळ्यांच्या वरचा. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आई म्हणायची, "हिला लूमवर लावा, शटलची गरज न्हाय पडायची."

ताईचा आवाजही मोठा होता, पण तो कानाला लागत नसे. खणखणीत आणि गोड. विहारात वंदना ती सांगायची आणि तिच्यामागून सगळी वस्ती म्हणायची. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. डी.एड. करून ती नगरपालिकेच्या शाळेत लागली तेव्हा त्याच विहारात तिचा फुलं देऊन सत्कार झाला, कारण आमच्या वस्तीतून शिक्षिका झालेली ती पहिली मुलगी. नोकरी मात्र अजून कच्ची होती. दोन वर्षं काम बघायचं, मग वर्ग तपासायला येणाऱ्या साहेबांचा शेरा, आणि मगच पक्कं करायचं, असा नियम. ड्युटीवरून आल्या आल्या बाबा दाराशी चपला काढतानाच विचारायचे, "आला का गं कागद?" दोन वर्षं व्हायला अवकाश आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, तरी विचारायचे.

दुसऱ्या वर्षी ताई बदलत गेली. एकदम नाही. एकदम झालं असतं तर कुणीतरी घाबरलं असतं. आधी ती सकाळी उठेनाशी झाली. हाक मारून मारून मी दमायचे, ती "उठते" म्हणायची आणि कूस बदलायची. मग अंगाने सुटली. जेवायची पूर्वीपेक्षा कमीच, तरी अंग वाढत होतं, चेहरा सकाळी सुजल्यासारखा दिसायचा. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सरकारी पगार अंगाला लागला. मग तिचे केस जायला लागले, हातापायांवर भेगा पडल्या; त्याचं खापर बोअरिंगच्या खाऱ्या पाण्यावर. आवाज बसला तो बसलाच. पण भिवंडीत कुणाचा घसा धड आहे? हवेत बारीक रुई, ती नाकातोंडात जाते, निम्मं गाव खाकरत असतं. वंदना सांगायला दुसरी मुलगी उभी राहायला लागली आणि ताई मागच्या सतरंजीवर जाऊन बसायला लागली. आणि थंडी. भर ऑक्टोबरच्या उन्हात, पत्रा तापलेला, आम्ही ओल्या फडक्याने तोंड पुसतोय, आणि ही शाल घेऊन कोपऱ्यात. आई म्हणाली, "अंगात वात शिरला हाय. अकलोलीला न्यायला लागंल."

आईचं माहेर अंबाडीजवळचं. त्या भागात कुठलंही दुखणं असो, पहिला इलाज अकलोलीचं पाणी. म्हणून रविवार आला की आई, ताई आणि मी एसटीने निघायचो. तिथे ताई कुंडात बसायची आणि बाहेर यायची ती वेगळीच होऊन. गाल लाल, डोळे उघडे, येताना एसटीत चक्क गप्पा मारायची. दोन-तीन तास टिकायचं ते. मग पुन्हा शाल. पण त्या दोन-तीन तासांनी आमची खात्री पटवली की रोग वाताचा आहे आणि औषध बरोबर चाललंय. दुसरं काही शोधायची बुद्धीच झाली नाही.

आणि मी? मी तिला छळलं. सरळ लिहिते. ती पडून राहायची म्हणून तिच्या वाटणीचं पाणी मी भरायचे, भांडी मी घासायचे, आणि माझं बारावीचं वर्ष. मी सायन्सला होते. राग यायचा तो धगधगून यायचा. "आळशाला गंगा दूर, आणि हिला मोरीसुद्धा दूर," हे माझं रोजचं. म्हैस म्हणाले, कुंभकर्णाची बहीण म्हणाले. ती उलट बोलायची नाही. हळूहळू उठायची, बादली उचलायची, आणि पुन्हा खाली ठेवून तिथेच पाटावर बसायची. ते बसणं मला नाटक वाटायचं.

शाळेतून पहिला मेमो आला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचून घेतला. मुलं पाढे म्हणत होती आणि बाई खुर्चीत झोपल्या होत्या, असं लिहिलं होतं. बाबांनी कागद घडी करून ताईच्या हातात दिला आणि ड्युटीवर गेले. मग ती रोज घाबरून शाळेत जायला लागली. वर्गात बसायचंच नाही, असं तिने ठरवलं. उभ्याने शिकवायची. भिंतीला टेकून उभ्यानेच डोळा लागायचा, ते तिने मला खूप नंतर सांगितलं.

आता ती दुपार सांगते. फेब्रुवारी असेल. माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती. बारावीचं जीवशास्त्र इंग्रजीत, आणि मी मराठी शाळेतून आलेली. म्हणून प्रत्येक धडा मी आधी वहीत मराठीत उतरवायचे, पाठ करायचे आणि मग इंग्रजीकडे वळायचे. पाठ झालंय का हे बघायला वही ताईच्या हातात. शिक्षिका ना ती. त्या दिवशी धडा ग्रंथींचा होता. शरीरात काही ग्रंथींना नळी नसते, त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात, त्या रसाला संप्रेरक म्हणतात, आणि कणभर संप्रेरक अंगभर हुकूम चालवतं. हे सगळं मी भिंतीकडे बघून धडाधड म्हणत होते.

"अवटू ग्रंथी," मी म्हटलं. "गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढे. आकार फुलपाखरासारखा. संप्रेरक थायरॉक्झिन. काम, शरीराचा वेग ठरवणे. कमी पडल्यास लक्षणे. एक, सुस्ती आणि झोप. दोन, वजन वाढणे. तीन, थंडी सहन न होणे. चार, त्वचा कोरडी पडणे, केस गळणे. पाच, हालचाली मंद होणे, विसरायला होणे. सहा..."

सहावं आठवेना. "सांगू नकोस," मी म्हटलं. "येतंय, येतंय."

ताई शालीतून एक हात बाहेर काढून वहीवर बोट ठेवून बसली होती. तिने थोडी वाट बघितली. मग म्हणाली, "आवाज घोगरा होणे. ते राहिलं तुझं."

आणि हे ती त्याच आवाजात म्हणाली. घोगऱ्या, जड, जीभ सुजल्यासारख्या. मी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला सहाच्या सहा आली. परीक्षेत हाच प्रश्न आला. मी तो आकृतीसकट लिहिला, फुलपाखरू रंगीत पेन्सिलीने काढलं, आणि बाहेर येऊन ताईला सांगितलं की एक अक्षर चुकलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो घातलेली बाई मी आहे.

दुसरा मेमो एप्रिलच्या सुरुवातीला आला. मुलांची गुणपत्रकं वेळेवर झाली नव्हती, आणि झाली होती त्यांत एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर. मुख्याध्यापिकेला सगळे 'मोठ्या बाई' म्हणायचे. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांनी ताईला बसवून सांगितलं की तिसरा मेमो लिहायची वेळ आली तर नोकरी गेली समज. तब्येतीचं काही असेल तर डॉक्टरचा दाखला आण, म्हणजे मला काहीतरी धरून तुझी बाजू मांडता येईल.

दाखला आणणं आमच्याकडे अवघड नव्हतं. आमचे नेहमीचे डॉक्टर बसल्या जागी 'ताप व अशक्तपणा' लिहून द्यायचे. सगळा मोहल्ला त्यांच्याकडून तोच ताप घेऊन जायचा. बाबांनी मला ताईबरोबर पाठवलं, कारण ताई तिथे नीट बोलणार नाही आणि मी बोलल्याशिवाय राहणार नाही. पण त्या दिवशी डॉक्टर गावाला गेलेले. खुर्चीत त्यांची सून, नुकतीच शिकून आलेली. मी सांगितलं, ताप लिहून द्या. ती म्हणाली, ताप आहे का? मी म्हटलं, मॅडम, दाखला हवाय, ताप नाही. ती म्हणाली, मग तपासल्याशिवाय सही नाही.

मी चिडले. "तुमचे सासरे कधी एवढं विचारत नाहीत. नुसती सही तर करायचीय."

तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ती ताईशी बोलत होती. झोप किती, पाळी कशी, पोट साफ होतं का. ताई तिच्या त्या संथ लयीत उत्तरं देत होती आणि मधेमधे मी. "आवाज कधीपासून असा?" मी म्हटलं, रुईचा आहे, आमच्याकडे सगळ्यांचेच घसे असे. "केस?" बोअरिंगचं पाणी. "वजन?" अहो, झोपून राहते. "आणि एप्रिलमध्ये शाल?" वात आहे, आम्ही अकलोलीला नेतो.

"प्रत्येक गोष्टीचं उत्तर आहे तुमच्याकडे," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, सहजच.

मग तिने ताईला खुर्चीवर गुडघे टेकून बसायला लावलं, पावलं मागे मोकळी सोडलेली, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन मागे गेलं. परत यायला मात्र त्याने वेळ घेतला. हळू, अगदी आळसावून यावं तसं परत आलं. तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या टाचेवर मारली. माझं पाऊल गेलं कधी आणि आलं कधी कळलंसुद्धा नाही.

"बघितलंत? हे काही ही मुद्दाम करू शकत नाही," डॉक्टरीण म्हणाली.

मी ते पाऊल बघत होते. आळशी पाऊल. मनात सहा लक्षणं एकामागून एक उभी राहिली, वहीतल्या अक्षरांत, माझ्याच हस्ताक्षरात. माझ्या तोंडून "अवटू ग्रंथी" एवढंच निघालं. ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिलाही आठवलं असणार. 

रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. तेव्हा ही तपासणी भिवंडीत होत नव्हती. आठ-दहा दिवसांनी कागद आला आणि तो दवाखान्यात उघडला. दोन आकडे होते. थायरॉक्झिनचा अगदी कमी. दुसरा मात्र भलताच वर, असायला हवा त्याच्या कित्येक पट. मी शहाणपणा केला. "हा तर जास्त आहे. म्हणजे ग्रंथी जास्त काम करते ना?"

"तो गळ्यातल्या ग्रंथीचा आकडाच नाही," ती म्हणाली. "डोक्यात, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती गळ्यातल्या ग्रंथीला निरोप धाडते, संप्रेरक काढ. रक्तात पुरेसं आलं की ती गप्प बसते. कमी पडलं की पुन्हा निरोप, आणखी जोरात. हिची गळ्यातली ग्रंथी आजारी आहे, तिच्याच्याने होतच नाही. आणि वरची बसलीय ओरडत. हा आकडा त्या ओरडण्याचा."

"मग ओरडून काही उपयोग होतो?"

"कसा होईल? जिच्यात बळच नाही तिच्यावर ओरडून काय होणार?"

ती ग्रंथीबद्दलच बोलत होती. मला माहीत आहे. पण मला तिथे बसवेना. घरात बाबा कान गेले म्हणून मोठ्याने बोलत होते, आई काळजीने, मी रागाने, शाळेत मोठ्या बाई कागदावर, आणि हे सगळं चालू असताना ताईच्या स्वतःच्या डोक्यात वाटाण्याएवढी एक जागा रात्रंदिवस तेच करत होती. ऊठ, ऊठ, ऊठ. आणि तिला उठता येत नव्हतं.

मी विचारलं, मग माझा तापटपणाही ग्रंथीचाच का? मला खरंच वाटलं होतं की सुटका मिळेल. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात, राग आला की त्या रक्तात रस सोडतात, हेही मी पाठ केलं होतं. डॉक्टरीण हसली. "राग आल्यावर छाती धडधडते ती त्या ग्रंथींमुळे. कुणावर ओरडायचं हे त्या नाही ठरवत."

पुढे मी लॅब टेक्निशियन झाले. नव्वदच्या दशकात हीच तपासणी भिवंडीत व्हायला लागली आणि हे आकडे माझ्या हातून गेले. एखादा आकडा भलताच वर दिसला की मला अजूनही त्या माणसाचं घर दिसतं. कोण कोण ओरडत असेल त्याच्यावर. मनुष्य चपळ आहे, मंद आहे, हसरा आहे, रडका आहे, असं आपण ठोकून देतो. त्यातलं किती त्याचं आणि किती त्या चिमटीभर रसाचं, हे मला अजून सांगता येत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात. मी म्हणते, आधी रक्त तपासा आणि मग म्हणा.

दाखल्यावर डॉक्टरिणीने खरा आजार लिहिला. बाबांना तो कागद पसंत पडेना. छातीचा आजार कागदावर आला म्हणून कारखान्यातून घरी बसवलेली माणसं त्यांनी बघितली होती. "कच्च्या नोकरीत आजार लिहून देतात काय? ताप लिहून आणा. ताप येतो आणि जातो."

ताई म्हणाली, "मी खोटा ताप देणार नाही."

बाबांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणते?"

ती पुन्हा बोलली. तिच्या त्या बसलेल्या आवाजात दोन हातांवरच्या बाबांपर्यंत शब्द पोचत नव्हते. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं आणि मी ते वाक्य बाबांच्या कानाशी जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "ती म्हणते, खोटा ताप देणार नाही. वर्गात झोपले ती झोपले. कशाने झोपले ते तरी खरं लिहून जाऊ दे." इतकी वर्षं मी तिच्यावर ओरडले होते. तिच्यासाठी ओरडायची ती पहिली वेळ.

मोठ्या बाईंनी दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि कपाटात ठेवला. म्हणाल्या, "औषध घे. जुलैमध्ये साहेब वर्ग बघायला येतील, त्यांच्या शेऱ्यावर सगळं आहे. तेव्हा झोप दिसली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणजे जेमतेम तीन महिने. गोळी एवढीशी, पांढरी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. आईचा विश्वास बसेना. "एवढ्याशा गोळीनं एवढी मोठी पोरगी हलनार हाय?" आणि जन्मभर घ्यावी लागेल म्हटल्यावर आई रडली. डॉक्टरिणीने आधी थोडी मात्रा दिली, मग वाढवली. पहिले पंधरा दिवस काहीच नाही. ताई रोज सकाळी गोळी घेऊन माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. मी बोलायचे नाही. न बोलणं मला किती जड जातं ते माझं मला माहीत.

मे संपता संपता एकदा दुपारी ताई म्हणाली, "पंखा वाढव गं." मी उठले, बटण फिरवलं आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून रडले. मग शाल ट्रंकेत गेली. चेहऱ्याची सूज उतरली. सकाळी मला जाग यायच्या आत तिचं अंथरूण घडी घातलेलं दिसायला लागलं. आणि पावसाळ्यातल्या एका सकाळी मी नळ चालू ठेवून बाहेर गप्पा मारत उभी होते, पाणी बादलीवरून वाहत मोरीबाहेर आलेलं. आतून ताई कडाडली, "नळ बंद करायला आता माणूस ठेवू का तुझ्यासाठी?"

बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. "कोण ओरडलं?"

निम्म्या कानांना ऐकू गेलं होतं. मी सांगितलं, ताई. बाबांनी पेपर पुन्हा समोर धरला, पण कितीतरी वेळ पान उलटलं नाही. शिव्या खाऊन एवढी सुखी मी कधी झाले नाही.

साहेब आले त्या दिवशी ताई डबा विसरली. मी तो घेऊन गेले आणि व्हरांड्यात थांबले. विसरली म्हणजे पुन्हा तेच सुरू झालं की काय? खिडकीतून दिसत होतं. दुपारची पेंगुळलेली वेळ, बाहेर पाऊस, साहेब मागच्या बाकावर. दुसरीचा वर्ग तेराचा पाढा म्हणत होता. ताई बाकांमधून फिरत होती, एका पोराचा कान हळूच पकडत, दुसऱ्याची पाटी सरळ करत. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत येईतो साहेबांची मान खाली गेली. डुलकी लागली होती त्यांना. ताईने ते बघितलं. तिने आवाज जरा चढवला, तोच जुना, विहारातला, आणि "तेरा साते" असं काही म्हटलं की साहेब खडबडून सरळ झाले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'शिक्षिका उत्साही.' डबा काय, धांदलीत कुणीही विसरतं.

दिवाळीनंतर पक्कं झाल्याचा कागद आला. बाबांनी तो दारातच वाचून घेतला. त्या रविवारी आई म्हणाली, अकलोलीला जाऊन येऊ. त्या पाण्यानेच पोरगी बरी झाली, गोळीने नव्हे, असं तिचं मत होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. आम्ही वाद घातला नाही.

ताई सवयीने त्याच कढत कुंडाकडे गेली. एक पाऊल पाण्यात घातलं आणि "आई गं" म्हणून झटक्यात मागे घेतलं. पावलाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "यात मी बसायचे?" ती म्हणाली. "गळ्यापर्यंत?"

मी म्हटलं, हो. मग आम्ही दोघी काठावर बसलो. आई पलीकडच्या कुंडाशी कुणाबरोबर तरी बोलत होती. मला माफी मागायची होती, आणि मागता येत नव्हती. शेवटी म्हटलं, "त्या दुपारी माझी वही तुझ्या हातात होती. सहावं लक्षण तूच सांगितलंस. तुला वाचताना काही म्हणजे काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना," ताई म्हणाली. "हेवा वाटला."

"कुणाचा?"

"ज्या बायकांना तो आजार असतो त्यांचा." ती तांब्याने पाणी हलवत होती. "म्हटलं, बरंय त्यांचं. त्यांना निदान आजार तरी आहे. मी तर नुसतीच आळशी."